शेजारचा रिकामा कप्पा

ग्रंथपालांनी आयुष्यात एकाच पत्राचे उत्तर दिले नव्हते, आणि नेमके तेच पत्र त्यांना तोंडपाठ होते.

पत्र लहान होते. नदीपलीकडच्या इस्पितळातून आले होते. "आमच्या नव्या इमारतीचे काम सुरू होत आहे. आमच्या संगणकांना दिलेल्या पत्त्यांच्या शेजारचा ब्लॉक आपण रिकामा ठेवलेला दिसतो. तो आमच्यासाठीच आहे असे धरून चालू का? हो किंवा नाही, एवढेच कळवावे." खाली सही होती, आणि सहीवरून माणूस ओळखू आला नाही तर पंचाईत नको म्हणून तिच्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'वायरबाई'.

एवढेच कळवावे! हो आणि नाही यांतले एक निवडणे ज्यांना सोपे वाटते त्यांनी ग्रंथपालांना कापडाच्या दुकानात कधी पाहिलेले नसावे. त्यांनी उत्तर लिहायला घेतले नाही असे नाही. "हो" लिहिले की वाटे, समितीला कुठे विचारले आहे? "समितीला विचारून कळवतो" लिहिले की वाटे, विचारले तर समिती नाहीच म्हणेल, मग या बाईंची इमारत आपल्यामुळे अडली असे होईल. मसुदा लांबत गेला. त्यात कारणे आली, कारणांची कारणे आली. मग निवृत्तीचा दिवस आला, हार आला, भाषणे झाली, आणि ते भिजत घोंगडे तसेच राहिले. पुढे इतका उशीर झाला, की उत्तर देण्यापेक्षा उशिराबद्दल काय लिहावे हेच मोठे कोडे होऊन बसले.

ग्रंथपालांचा आणि संगणकांच्या पत्त्यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. त्यांनाही तो पहिल्या दिवशी कळला नव्हता. गावातल्या संस्थांनी, म्हणजे महाविद्यालय, इस्पितळ, दोन शाळा आणि हवामानखाते यांनी मिळून आपापले संगणक एकमेकांना जोडायचे ठरवले होते. वरच्या कार्यालयाने साऱ्या गावासाठी आकडी पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा पाठवून दिला होता आणि तो कोणीतरी वाटायचा होता. बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "आपले ग्रंथपाल इतक्या पुस्तकांना आकडे देतात, मूठभर यंत्रांना देतील की!" सगळे हसले आणि काम त्यांच्या गळ्यात पडले. नाही म्हणणे हा काही त्यांचा प्रांत नव्हता.

काम मात्र त्यांना आवडले. ते अगदी ग्रंथालयासारखेच होते. मजला, मजल्यात कपाट, कपाटात कप्पा, कप्प्यात पुस्तक. दारातल्या माणसाला प्रत्येक पुस्तक कुठे आहे हे ठाऊक असावे लागत नाही. "वरचा मजला" एवढे सांगता आले की पुरे. पुढचे वरचा मजला बघून घेईल. जाळ्यातली वाट दाखवणारी यंत्रेही तसेच करत. बाहेरच्या जगाने फक्त गावाचा आकडा लक्षात ठेवायचा, गावाने संस्थांचे, संस्थेने आपल्या खोल्यांचे. कोणाच्याच डोक्यावर साऱ्या जगाचा भार नाही.

आणि ग्रंथालयातली आपली सवय त्यांनी इथेही चालवली. कप्पा कधी ठासून भरायचा नाही. प्रत्येक संस्थेला एक कप्पा दिला की त्याच्या उजवीकडचा तेवढाच कप्पा रिकामा सोडायचा. समितीतले लोक चेष्टा करत. "अहो, या गावात एवढे संगणक येणार आहेत की काय? का मुंग्यांना वाटणार आहात?" ग्रंथपाल कानांपर्यंत लाल होत आणि कप्पा रिकामाच ठेवत. तेव्हा एका संस्थेत एक संगणक असे, तोही झाकण घालून ठेवलेला. मग तो प्रत्येक खोलीत आला, मग प्रत्येक टेबलावर, आणि बघता बघता लोकांच्या खिशात जाऊन बसला. चेष्टा करणारे एकेक करून शेजारचा कप्पा मागायला येऊ लागले. त्यांना ग्रंथपालांनी तो दिला, कारण ते समितीचा ठराव हातात घेऊनच येत. एकटी वायरबाई साधे पत्र लिहून विचारायला आली, आणि तिलाच उत्तर मिळाले नाही.

आता हे काम त्यांची पुतणी करत होती. तिने ते रीतसर शिकून, परीक्षा देऊन घेतले होते. आज दुपारी ती आली, चपला काढतानाच म्हणाली, "काकू, चहा. काका, एक साधा प्रश्न."

साधा प्रश्न म्हटल्याबरोबर ग्रंथपाल खुर्चीत सावरून बसले.

"तुमच्या जुन्या वाटपात एक ब्लॉक अजून रिकामा आहे," पुतणी म्हणाली. "हॉस्पिटलच्या शेजारचा. बाकी सगळं गाव भरलंय, सुई टोचायला जागा नाही. नवी रक्त तपासायची लॅब येतेय ना, तिला देऊन टाकते. पत्र टाइप करून ठेवलंय. तुमचं काही म्हणणं नाही ना?"

ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तो... रिकामा आहे का?" त्यांनी विचारले.

"म्हणजे काय? रजिस्टरमध्ये कोरा आहे. आमच्या यंत्रातून बघितलं तरी शांत. त्या पत्त्यांवरून आजवर एक हाक आलेली नाही."

"नाही, म्हणजे... एक पत्र आलं होतं."

मग त्यांनी पत्र तोंडपाठ म्हणून दाखवले. पुतणी ऐकत राहिली.

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

ग्रंथपाल टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"दिलंच नाही?" पुतणी म्हणाली. "काका! मग त्यांनी काय समजायचं?"

"हो समजायचं," काकू चहा घेऊन येत म्हणाल्या. "मला बघायला आले होते तेव्हाही हे असेच टेबलाकडे बघत बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझ्या वडिलांनी हॉल ठरवला. अजून वाट बघतेय मी उत्तराची."

पुतणी हसली, पण लगेच गंभीर झाली. "थांबा. त्यांनी खरंच हो समजून वापरायला सुरुवात केली असेल तर?"

"पण तू म्हणालीस, शांत आहे."

"इथून शांत दिसणारच. त्यांनी तो आतल्या आत वापरला आणि बाहेर कधी पाठवलाच नाही, तर मला कळायचं कसं? घराचा पुढचा दरवाजा बंद असला म्हणून आत माणसं नाहीत असं थोडंच आहे." तिने फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "लावा बरं फोन त्या बाईंना."

ग्रंथपालांनी फोनकडे असे पाहिले, जणू तो आता चावणारच आहे.

"फोन नको," काकू म्हणाल्या. "हॅलो म्हणतील आणि समोरचं माणूस दमेपर्यंत ऐकत बसतील. त्यापेक्षा गाडीत घाल आणि घेऊन जा. जाताना दार मी लावते, नाहीतर परत येतील चष्मा राहिला म्हणून."

गाडी पुलावर चढली. ग्रंथपालांनी मनात वाक्यांची जुळवाजुळव चालवली होती. 'आपले पत्र मिळाले होते' हे वाक्य चांगले होते. त्याच्यापुढे काय म्हणायचे ते सुचत नव्हते.

वायरबाईची खोली इस्पितळाच्या नव्या इमारतीत, जिन्याखाली होती. खोली कसली, जिन्याच्या उतारामुळे आत जाताना वाकावे लागे. भिंतीवर तारांची वेटोळी खुंट्यांना टांगलेली, टेबलावर तारांना डाग देऊन जोडण्याचे यंत्र, आणि त्याच्यामागे पांढऱ्या केसांची, अंगाने आडवी, हसऱ्या डोळ्यांची बाई. तिने मान वर केली, पाहिले, आणि उठून उभी राहिली.

"सर! या. उत्तर घेऊन आलात का?"

तयार करून ठेवलेले एकुलते एक वाक्य ग्रंथपालांच्या तोंडातून नाहीसे झाले. पुतणीने ओळख करून दिली आणि सरळच विचारले, "बाई, शेजारचा ब्लॉक तुम्ही वापरता का?"

"चला, दाखवते," वायरबाई म्हणाली.

तो त्याच इमारतीतला अतिदक्षतेचा वॉर्ड होता. खाटांची रांग, प्रत्येक खाटेच्या उशाशी एक यंत्र, त्यावर हिरवी रेघ वरखाली होत चाललेली. मध्यभागी सिस्टरचे टेबल आणि त्यावर एक मोठा पडदा. सगळ्या खाटांच्या रेघा तिथे एकत्र दिसत. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. प्रत्येक यंत्राच्या बाजूला छोटी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर त्याच स्वच्छ अक्षरात पत्ता लिहिला होता.

ग्रंथपालांनी पहिली पट्टी वाचली. मग दुसरी. ते खाटांच्या रांगेतून सावकाश चालत गेले, जसे ते पूर्वी कपाटांच्या रांगेतून चालत. आकडे ओळीने लागत होते. कोणताही सुटला नव्हता, कोणताही दोनदा आला नव्हता. त्यांनीच रिकामा सोडलेला कप्पा होता तो, आणि कोणीतरी तो फार नीट लावला होता.

"परवानगीशिवाय?" मागे पुतणीचा आवाज आला. आवाज हळू होता, पण त्यात धार होती.

"मी विचारलं होतं," वायरबाई म्हणाली.

"उत्तर आलं होतं का?"

"नाही ना आलं! म्हणून तर." वायरबाईने ग्रंथपालांकडे मान वळवली. "मी कॉलेजात होते तेव्हा सरांच्या ग्रंथालयात काम करायचे. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. सर कुणाला तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. पण पुस्तकाचं पान दुमडलं, कप्पा चुकला, की दुसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी. न चुकता. म्हणून मी चिठ्ठीची वाट पाहिली. इमारतीचा पाया झाला, भिंती झाल्या, रंग झाला, तरी चिठ्ठी नाही. म्हटलं, सरांची हरकत नाही."

पुतणीने कपाळाला हात लावला. "आणि बाहेर का नाही सोडलात हे पत्ते? मला दिसले तरी असते."

"यांना बाहेर जायचंय कशाला? यांनी सिस्टरशी बोलायचं, बस्स."

"बाई, हा ब्लॉक मी नव्या लॅबला देणार होते."

वायरबाईचा चेहरा बदलला.  पुतणीच पडद्याकडे बघत, स्वतःशी हिशेब मांडावा तशी बोलू लागली. "लॅबला तेच पत्ते मिळाले असते. इथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट मागवला असता. तुमच्या यंत्राने पत्ता बघितला असता आणि म्हटलं असतं, हा तर आपल्याच घरातला. आणि ते लॅबला शोधत या खाटांमधून फिरत बसलं असतं. रिपोर्ट कधी आलाच नसता. गावात ज्या दोघांना एकमेकांशी सगळ्यात जास्त बोलायचंय, नेमके तेच दोघं."

"मग लॅबला दुसरं काही द्या," वायरबाई म्हणाली.

"किंवा तुम्ही हे बदला. नियमाने बघितलं तर बदलायचं तुम्ही. रजिस्टरमध्ये तुमचं नाव नाही."

"बदलीन की. एकेक यंत्र बंद करायचं, पत्ता बदलायचा, पडद्यावर पुन्हा जोडायचं. तोवर त्या खाटेशी सिस्टरने नाडी धरून बसायचं. एकच सिस्टर असते पाळीला, तिला हात दोन." वायरबाईने जवळच्या खाटेकडे पाहिले. तिथे एक म्हातारा डोळे मिटून पडला होता. "सांगा, सुरुवात यांच्यापासून करू?"

पुतणीने त्या म्हाताऱ्याकडे पाहिले. मग ती काकांकडे वळली.

"काका, मला हे त्यांना द्यायला आवडेल. पण आज मी दिला तर ती मेहेरबानी होईल. लॅबवाले समितीत विचारतील, गावात उरलेला एकच ब्लॉक यांना का? न विचारता बसले म्हणून? त्यावर मी काय सांगू? पण तेव्हा वाटप तुमच्या हातात होतं. तो कप्पा तुम्ही तेव्हाच हॉस्पिटलसाठी ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. तर तो त्यांचाच. ठेवला होतात का?"

दोघीही त्यांच्याकडे बघू लागल्या. सिस्टरही बघू लागली.

ग्रंथपालांनी पुन्हा चष्मा पुसायला काढला. त्यांना खोटे बोलता येत नसे आणि खरे काय ते इतक्या घाईने शोधता येत नसे. इस्पितळाचा कप्पा देताना त्यांच्या मनात इस्पितळाविषयी काही विशेष होते का? नव्हते. हा वॉर्ड त्यांना दिसला होता का? छे. त्यांनी सगळ्यांच्याच शेजारी जागा सोडली होती, सवयीने, हात आपोआप गेला म्हणून. मग 'यांच्यासाठी ठेवला' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

"मी... मी तर सगळीकडेच सोडायचो," ते म्हणाले. "मुद्दाम असं काही..."

पुतणीचे खांदे पडले.

"सर," वायरबाई म्हणाली, "मला एकदा घरी जायची घाई होती. हातात भूगोलाची पुस्तकं उरली होती. वनस्पतींच्या कप्प्यात उजवीकडे जागा दिसली, दिली तिथे कोंबून. आठवतंय?"

ग्रंथपालांना आठवले. त्यांना पुस्तके आठवली, कप्पा आठवला, स्वतःच्या हातची चिठ्ठीही आठवली.

"काय लिहिलं होतंत चिठ्ठीत?"

"की..." ग्रंथपाल थांबले. मग हळूहळू म्हणाले, "की उजवीकडची मोकळी जागा रिकामी नसते. ती डावीकडच्या पुस्तकांची असते. अजून न आलेल्या."

"मी तेच वाचलं तुमच्या वाटपात," वायरबाई म्हणाली. "कोरं होतं ते सगळ्यांना. मला नव्हतं."

 यंत्रावरच्या हिरव्या रेघा चालत राहिल्या. ग्रंथपालांनी मनात मुद्दाम इस्पितळाचे नाव घेतले नव्हते हे खरे. पण नाव घ्यायची गरजच नव्हती. पहिल्या दिवसापासून तो कप्पा इस्पितळाचा होता, कारण तो इस्पितळाच्या उजवीकडे होता. यात शंका कुठे होती? ग्रंथपालांनी शोधून पाहिली. आश्चर्य म्हणजे सापडली नाही.

"तो कप्पा इस्पितळाचा आहे," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. खाटेवरच्या म्हाताऱ्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटला.

"लेखी द्याल?" पुतणीने विचारले.

लेखी म्हटल्यावर त्यांना तो जुना लांबलेला मसुदा आठवला. "देतो," ते म्हणाले.

परत येताना पुतणीचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. ती गाडी चालवताना गुणगुणत होती. "लॅबचं काय करशील?" ग्रंथपालांनी विचारले.

"हवामानखात्याने दोन खोल्या बंद केल्यात, त्यांच्या ब्लॉकचा तुकडा सुटतोय. लहान आहे, पण सध्या पुरेल. बाकीची यंत्रं नव्या लांब पत्त्यांवर घालते. त्यात जागाच जागा आहे, काका. एकेका घराला एवढी जागा मिळते की पूर्वी देशाला मिळत नव्हती."

"म्हणजे मग शेजारी सोडायला नको आता."

पुतणी हसली. "उलट! तिथे सोडायचीच असा शिरस्ता आहे. आम्हाला शिकवताना सांगतात, देताना मधे भरपूर मोकळं ठेवा, म्हणजे उद्या वाढले तरी एकाच ओळीत बसतील. मी वर्गात म्हटलं, हे तर माझे काका करायचे. कुणाचा विश्वास बसला नाही."

ग्रंथपाल खिडकीबाहेर बघू लागले. कानांपर्यंत लाल झालेले तिला दिसू नये म्हणून.

घरी आल्यावर ते लिहायला बसले. पहिला कागद 'आपले पत्र मिळाले होते' असा सुरू झाला आणि उशिराच्या कारणांमध्ये भरकटला. दुसऱ्यात समिती आली. तिसऱ्या कागदावर त्यांनी ग्रंथालयाचा नियम समजावून सांगायला घेतला आणि तो त्यांना स्वतःलाच इतका आवडला की अर्धे पान त्यातच गेले.

"झालं का?" काकूंनी डोकावून विचारले.

"थोडं राहिलंय."

"तिने काय विचारलं होतं?"

"हो किंवा नाही."

"मग?" काकू म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

ग्रंथपालांनी चौथा कागद घेतला. वर तारीख घातली. लिहिले: "हो. शेजारचा कप्पा पहिल्यापासून इस्पितळाचाच आहे. वाटप करताना मी तो त्यासाठीच मोकळा ठेवला होता." एवढे लिहून त्यांनी वाचले. 'त्यासाठीच' या शब्दापाशी लेखणी जरा रेंगाळली. मग त्यांनी सही केली. सहीखाली, तिनेही लिहिले होते म्हणून, स्वच्छ अक्षरात लिहिले, 'ग्रंथपाल'. एक प्रत पुतणीसाठी काढली.

"अहो काका, मला फोटो पाठवा ना, मी समितीला आणि बाईंना लगेच पाठवते," पुतणी फोनवर म्हणाली. "तुम्हीच बांधलेलं जाळं आहे!"

"तुला फोटो पाठवतो. तुझं काम अडायला नको. पण बाईंचं पत्र पोस्टाने आलं होतं," ग्रंथपाल म्हणाले. या बाबतीत त्यांना जराही संशय नव्हता.

पाकिटावर त्यांनी पत्ता घातला: वायरबाई, जिन्याखालची खोली, नवी इमारत, नदीपलीकडचे इस्पितळ, आणि सर्वांत खाली गाव. वाचणारे तो खालून वर वाचतील. पोस्टातला माणूस गाव बघेल, पोस्टमन इस्पितळ बघेल, दरवान इमारत बघेल. जिन्याखाली कोण बसते हे फक्त शेवटच्या माणसाला ठाऊक असले की पुरे.

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत ते चालत गेले. पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि हात थांबला. तिकीट लावले होते ना? लावले होते. मागचे तोंड नीट चिकटले होते ना? चिकटले होते. मागे एक मुलगी हातात कार्ड घेऊन येऊन उभी राहिली.

"आजोबा, टाकताय ना?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले, आणि बोटे सोडली.